भिंतीपलीकडची भाकरी

प्रिय ईशा आणि ओंकार,

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून 'आजीचं आता वय झालं' असं म्हणायला तुम्हाला जागा राहणार नाही. मी जन्मभर सोलापुरात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. दारावर कधी लिंबू-मिरची टांगली नाही, मांजर आडवं गेलं म्हणून कधी रिक्षा थांबवली नाही. स्टाफरूममध्ये कुणी 'अहो, आमच्याकडे काय झालं माहितीये का' असं दबक्या आवाजात सुरू केलं, की मी आधी तीन गोष्टी विचारायची — ताप होता का, लाइट गेली होती का, आणि आणखी कुणी पाहिलं का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेकांची गोष्ट संपायची.

माझी संपत नाही. म्हणून लिहिते आहे.

ओंकार, लोक असे अनुभव लिहितात त्या तुझ्या ग्रुपवर हे टाकणार म्हणालास. टाक. फक्त माझी वाक्यं 'सुधारू' नकोस. आणि ईशा, हे खरं तर तुझ्यासाठी आहे. डब्लिनच्या तुझ्या पहिल्या नोकरीचा महिना झाला तेव्हा तू फोनवर विचारलंस, 'आजी, तू मस्कतला पहिल्यांदा काम करायला गेलीस तेव्हा तुला कसं वाटलं होतं?' मी म्हणाले, मजेत होते. तू म्हणालीस, 'मी पण मजेत आहे.' फोन ठेवला आणि मला त्या दोन 'मजेत'ची काळजी वाटायला लागली. म्हणून आता खरं उत्तर देते.

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं घरातलं सांगायला हवं. सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या घरात आम्ही दोघी जावा. मी धाकटी. थोरली म्हणजे अक्का — तुमची दोड्डव्वा, कानडीतली मोठी आई. अक्का अक्कलकोटकडची, माहेरी सगळं कानडी. तिला मूलबाळ झालं नाही, पण मी शाळेत जायची तेव्हा तुमच्या बाबाला वाढवलं तिनंच. मला ती 'मास्तरीणबाई' म्हणायची. राग आला की 'शैला', आणि फार राग आला की बोलायचीच नाही. पुढे दोघींचेही नवरे गेले, तुमचे बाबा पुण्याला गेले, आणि त्या घरात आम्ही दोघीच उरलो.

सासरे होते तेव्हा आमच्या घरात सुनांनी त्यांच्यासमोर आवाज चढवायचा नाही असा रिवाज होता. सासरे दिवसभर बाहेरच्या खोलीत तक्क्याला टेकून. मी शाळेतून येऊन तिथेच कोपऱ्यात वह्या तपासत बसायची. अक्का आत भाकऱ्या थापत असायची. आता मला जेवायला हाक कशी मारणार? तर ती भाकरी थापून झाली की हातातल्या पाटलीनं काठवटीच्या कडेवर दोनदा ठोकायची. टक-टक. म्हणजे, भाकरी तव्यावर गेली, ऊठ. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी तिची ती सवय मोडली नाही. घरात आम्ही दोघीच, तोंडानं हाक मारायला कुणाची ना नव्हती — तरी टक-टकच. आणि ती टक-टक एकदाच. मी नाही उठले, तर माझं ताट झाकून ठेवायची आणि स्वतः जेवून घ्यायची. दुसऱ्यांदा बोलावणं तिच्या स्वभावात नव्हतं.

थापण्याचा आवाज प्रत्येक बाईचा वेगळा असतो, हे सोलापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. गल्लीतून चालताना आतल्या आवाजावरून सून थापतेय की सासू, ते कळतं. अक्काचा हात जड होता आणि सावकाश. चार थापा, भाकरी थोडी फिरवायची, परत चार थापा. घाई नाही, थांबणं नाही.

मी निवृत्त झाले, आणि ओळखीतून मस्कतच्या एका भारतीय शाळेचं बोलावणं आलं. त्यांची इंग्रजीची बाई लांबच्या रजेवर होती. एक वर्षापुरतं कुणीतरी हवं होतं. मी नाही म्हणणार होते. अक्कानं मला जवळजवळ ढकललंच.

"जा की," म्हणाली. "जन्मभर हितंच खडू झिजवलास. जरा तितला बी झिजव."

"तुम्ही एकट्या पडाल."

"मला काय धाड भरलीय? उलट वह्यांचा पसारा तरी जाईल."

निघताना तिनं कडक भाकऱ्यांची चळत बांधून दिली आणि शेंगाची चटणी. पापडासारख्या कडक केलेल्या त्या भाकऱ्या महिनोन्महिने टिकतात. मी तिच्या हिशेबानं वर्षभर टिकवायच्या होत्या. दुसऱ्या महिन्यातच संपल्या.

मस्कत मला आवडलं, हे प्रामाणिकपणे सांगते. शिस्तीचं गाव. पहिल्याच दिवशी रस्ता ओलांडायला कडेला उभी राहिले तर समोरची गाडी थांबली. मला वाटलं बंद पडली. मी तिची वाट बघतेय, ती माझी! ड्रायव्हरनं हात केला तेव्हा उजेड पडला. सोलापुरात आपण रस्ता ओलांडत नाही, आपण तो जिंकतो. तिथले कपडे मात्र मला जमले नाहीत — म्हणजे वाळत घालायचे. दर्शनी बाल्कनीत कपडे दिसलेले चालत नाहीत, असं लीलानं पहिल्याच दिवशी बजावलं. टॉवेल आणि चादरींच्या गावातली बाई मी. ज्या गावात वाळत घातलेला कपडा दिसत नाही तिथे माणसं राहतात यावर माझं मन विश्वास ठेवायला तयार नव्हतं. सगळ्या खिडक्या बंद, सगळे एसी सुरू. बाहेर ऊन आपल्यासारखंच, पण उन्हात कुणी नाही.

लीला म्हणजे माझ्याबरोबर फ्लॅटमध्ये राहणारी केरळची गणिताची बाई. माझ्याहून बरीच लहान, रविवारी नव्हे तर तिथल्या सुट्टीप्रमाणे शुक्रवारी चर्चला जाणारी, आणि कल्पनाशक्ती अजिबात नसलेली. हे दूषण नाही. पुढे मला तिच्या याच गुणाचा आधार वाटला.

परदेशी काम करणाऱ्याला लोक पगार विचारतात, हवा विचारतात, भाषा विचारतात. दुपारी जेवताना समोर कोण असतं, ते कुणी विचारत नाही. मला विचाराल तर सगळ्यात अवघड वेळ तीच. सकाळ घाईत जाते, वर्गात मुलं असतात, संध्याकाळी माणूस थकलेला असतो. पण दुपारी शाळेतून यावं, ताट वाढून घ्यावं आणि समोर भिंत असावी... लीलाचे तास उशिरापर्यंत, त्यामुळे दुपारी मी एकटी. खबूस नावाची मैद्याची रोटी आणायची आणि ती चावत बसायची. ज्वारीचं पीठ एका दुकानात मिळालं होतं, पण जुनं होतं. भाकरी थापता थापताच फुटली. मी पुन्हा त्या नादाला लागले नाही.

कडक भाकऱ्या संपल्या त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मी ताट घेऊन स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसले होते. भिंतीपलीकडून आवाज आला. चार थापा. थोडं थांबणं. पुन्हा चार थापा.

मला इतका आनंद झाला! वाटलं, शेजारी कुणीतरी आपल्याकडचं राहायला आलं. विजापूरची, गुलबर्ग्याची असेल. त्या भागातल्या बायका अशाच सावकाश थापतात. पीठ कुठून आणता, एवढं तरी विचारायचं असं मी ठरवलं. तेवढ्यात थापा थांबल्या आणि लाकडावर दोनदा ठोकल्याचा आवाज आला. टक-टक.

घास माझ्या हातातच राहिला.

मी शिस्तीची बाई आहे. घाबरून बसले नाही, दार उघडून शेजारी गेले. आणि बाहेर पॅसेजमध्ये उभी राहिल्यावर लक्षात आलं, की शेजारचा फ्लॅट आमच्या बैठकीच्या बाजूला आहे. स्वयंपाकघराची भिंत इमारतीची शेवटची भिंत. तिच्यापलीकडे घर नाही, जिना नाही, गॅलरी नाही. आमची इमारत डोंगराला पाठ लावून होती आणि त्या भिंतीसमोर होता तो तपकिरी, बोडका डोंगर. एक झाडही नव्हतं त्याच्यावर. वॉचमनला विचारलं, या भिंतीतून पाण्याचे पाइप जातात का. तो म्हणाला, पाइप सगळे पुढच्या बाजूला आहेत. वरचा फ्लॅट रिकामा, खालच्या मजल्यावर कुठल्याशा कंपनीचं गोदाम.

ठीक आहे, मी मनाशी म्हटलं. आठवण आहे. माणसाला घरची आठवण आली की कान वाजतात.

पण तो आवाज रोज येऊ लागला. आणि त्यात मी एक गोष्ट पडताळून पाहिली. मस्कतची घड्याळं आपल्या मागे. मी तिथे जेवायला बसे तोवर सोलापुरात अक्काची दुपारची झोपही होऊन गेलेली असायची. म्हणजे तो आवाज तिच्या वेळेला येत नव्हता. तो माझ्या वेळेला यायचा. सुट्टीच्या दिवशी मी लवकर बसले तर लवकर यायचा. रमजानमध्ये शाळा लवकर सुटायला लागली, तेव्हा तोही लवकर यायला लागला. मी ताट घेऊन बसले की चार थापा सुरू.

एकदा लीला घरी होती. तिचा घसा बसला होता म्हणून शाळेला गेली नव्हती. मी मुद्दाम काही बोलले नाही. जेवायला बसलो. थोड्या वेळानं तिनं मान वर केली आणि वैतागून विचारलं, "मॅडम, हे रोटी कोण बडवतंय?"

मी म्हणाले, माहीत नाही.

"पाहुण्यांची पंगत आहे वाटतं," ती म्हणाली आणि सांबारात भात कालवायला लागली. भिंतीपलीकडे काय आहे याचा विचार तिच्या मनात आला नाही, आणि मी तो घातला नाही.

तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. हो, आणखी कुणीतरी ऐकलं.

खरं सांगू? भीती मला वाटली नाही. मला त्या आवाजाची सवय लागली. घाईनं घरी यायची. टक-टक झालं की पहिला घास घ्यायची. त्या भिंतीमुळे माझं मस्कतचं वर्ष निभावलं.

दर शुक्रवारी मी अक्काला फोन करायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, कानडीतून, "ऊटा आत?" — जेवलीस का. मग मी विचारायची, तुम्ही काय केलंत? "भाकरी की. आन काय करणार?" मी करमतंय म्हणायची, ती बरी आहे म्हणायची. एकदा मी हसत हसत सांगितलं, अक्का, इथे शेजारी कुणीतरी भाकऱ्या थापतं, अगदी तुमच्यासारखा आवाज येतो. भिंतीचं काही बोलले नाही.

 

"हात कसा हाय तिचा?" तिनं विचारलं.

"तुमच्यासारखाच. जड."

"दुखत न्हाय ना तिला?"

मला हसू आलं. म्हटलं, ते भिंतीतून कसं कळणार? ती म्हणाली, "व्हय, ते बी खरं," आणि विषय बदलला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

वर्ष संपत आलं तशी मुख्याध्यापिकेनं बोलावून विचारलं, आणखी दोन वर्षं राहाल का. जुनी बाई परत येणार नव्हती. मला राहायचं होतं. हे मी तुम्हाला लपवत नाही. मुलं छान होती, मान होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल मला कुणीतरी परक्यानं 'राहा' म्हटलं होतं. अक्काला फोनवर विचारलं तर ती लगेच म्हणाली, राहा की, हितं काय तुझ्याविना अडलंय. आवाज खणखणीत होता. मी ठरवलं, उद्या हो सांगायचं.

त्या दुपारी मी जेवायला बसले. थापा आल्या, नेहमीसारख्याच सावकाश. मग टक-टक. मी घास उचलला.

टक-टक.

मी थांबले. इतक्या महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. इतक्या वर्षांत, सोलापुरातही, कधी झालं नव्हतं.

टक-टक. टक-टक. टक-टक.

तो आवाज मोठा होत नव्हता, जवळ येत नव्हता, फक्त थांबत नव्हता. मी उठून भिंतीला तळहात लावला. भिंत नेहमीसारखीच होती, हाताला काही जाणवत नव्हतं. कानाला मात्र येतच होतं. आणि इंग्रजी शिकवणारी, लिंबू-मिरची न टांगणारी मी त्या भिंतीला मोठ्यानं म्हणाले, "आले, अक्का. आले."

थांबलं. त्यानंतर मी मस्कतमध्ये होते तोवर तो आवाज पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकेला नाही सांगितलं. तिनं कारण विचारलं. कारण काय सांगणार? म्हटलं, घरी वाट बघतायत. कालच तर तुम्ही म्हणालात घरी सगळं ठीक आहे, ती म्हणाली. मी म्हटलं, हो, तसंच म्हणतात ते.

हैदराबादला उतरले, तिथून रेल्वेनं सोलापूर. अक्का दारातच उभी होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. बारीक झाली होती. मी वाकून पाया पडले आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. डावा हात.

आशीर्वाद कुणी डाव्या हातानं देत नाही. अक्का तर भाजीवालीला पैसेसुद्धा डाव्या हातानं द्यायची नाही. मी तिचा उजवा हात पदराखालून ओढून काढला. मनगट वाकडं जुळलेलं. बोटं अर्धीच मिटत होती. पाटली काढून ठेवलेली.

मी गेल्यानंतर थोड्याच दिवसांत ती न्हाणीत घसरली होती. प्लास्टर झालं, निघालं, हाड नीट बसलंच नाही. शेजारच्या सरूबाई वर्षभर दोन वेळचा डबा देत होत्या. पुण्याहून तुमचे बाबा दर पंधरवड्याला येऊन जात होते, आणि तेही या कटात सामील! सगळ्यांना तिनं शपथ घातली होती — मास्तरीणबाईला कळलं तर ती टाकोटाक निघून येईल, कुणी सांगायचं न्हाय.

मी स्वयंपाकघरात गेले. काठवट भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्यावर कोरडी धूळ होती. त्या घरात वर्षभर एक भाकरी थापली गेली नव्हती.

इथे माझी बुद्धी थांबते. तिच्या हातचा आवाज कसल्यातरी वाटेनं माझ्यापर्यंत पोचत होता असं म्हणावं, तर इथे आवाजच नव्हता. माझेच कान वाजत होते म्हणावं, तर लीलाचे कान कशानं वाजले? लीलाला मी नंतर एकदा फोनवर विचारलं. तिला नीट आठवत होतं. तिच्या मते पाइप असणार.

अक्काला मी सगळं सांगितलं ते दोन-चार दिवसांनी, दुपारी जेवताना. भिंत, डोंगर, रमजान, शेवटच्या दिवशीचं ते न थांबणारं ठोकणं. ती डाव्या हातानं जेवायला शिकली होती. घास छोटा घ्यायची. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नुसतं थापलेलंच ऐकू यायचं?"

"हो."

"मग ती भाजली कुटं?"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर ती माझ्याबरोबर काही वर्षं होती, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही दोघं सुट्टीत यायचात तेव्हा भाकऱ्या मी करायची आणि ती शेजारी बसून माझ्या हाताला नावं ठेवायची. मी मस्कतला राहिले असते तर त्यातलं काहीच मला मिळालं नसतं.

पण त्या दुपारी, ठसका थांबल्यावर, मी तिला स्पष्टच विचारलं. म्हटलं, अक्का, खरं सांगा, तुम्ही मला बोलावलंत का? मनातल्या मनात तरी?

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

"न्हाय," म्हणाली. "बोलावलं असतं तर तू आली असतीस. म्हणून मनात सुदिक बोलावलं न्हाय."

अक्का खोटं बोलायची ती फोनवर. समोरासमोर ती कधी खोटं बोलली नाही. त्यामुळे तिचा शब्द मी मानते. मग मला बोलावलं कुणी, ते मला आजही माहीत नाही.

ईशा, येत्या रविवारी फोन करशील तेव्हा मी कशी आहे ते मी खरं सांगेन. तूही सांग.

तुमची,
आजी